अकरा सेकंद

मोन्झेन आता जगभर पोचलाय म्हणे.
चौसष्ट वर्षांचा, उजवा गुडघा दोनदा उसवून शिवलेला,
याइझु बंदरात बर्फाच्या कारखान्यामागे
रोज पहाटे भिंतीवर चेंडू मारतो.
नातीनं, चिनात्सुनं, गंमत म्हणून व्हिडिओ केला:
अकरा सेकंद.
चेंडू खडूच्या वर्तुळात लागला, तर काही नाही.
हुकला, की मोन्झेन भिंतीपुढे कमरेत वाकतो
आणि पुटपुटतो, "चुकलं माझं."

एवढंच.
एवढ्यावर चाळीस लाख माणसं फिदा.
लिमाहून कुणी लिहितं, आजोबा, काल मला झोप लागली.
नैरोबीतला एक वॉर्डबॉय रात्रपाळीत तेवढंच बघतो.
ओसाकातली पोरं त्याच्या वाकण्याचे टीशर्ट विकतात.
परवा मासळीबाजारात दोन परक्या मुलींनी
त्याच्यासोबत फोटो काढला; हातात ट्यूनाचं डोकं होतं,
ते कुठं ठेवावं, त्याला कळेना.

मी त्या व्हिडिओत नाही.
मी गोलकीपर. पस्तीस वर्षांपूर्वी
त्याच्या मागे बारा पावलांवर उभा होतो.
चिखल. शेवटचं मिनिट. बरोबरी पुरे होती आम्हाला.
त्यानं न बघता चेंडू मागे दिला,
मी पुढे आलेला.
"माझा!" असं ओरडायचं असतं अशा वेळी.
चेंडू शेजारून गेला, घाई नव्हती त्याला,
जेवून शतपावलीला निघावं तसा.
संघ खालच्या गटात गेला,
पुढच्या वर्षी कंपनीनं संघच गुंडाळला.
मोन्झेन मला काही बोलला नाही.
बसमध्ये नाही, माझ्या लग्नात नाही,
माझी बायको गेली तेव्हाही
पाकीट ठेवलं, वाकला, निघाला.

आणि आता भिंतीला म्हणतो.
भिंतीचं काय गेलं होतं?

खरं सांगतो, त्या चाळीस लाखांत
दोन-तीनशे वेळा मीच आहे.
लाँड्री बंद केली, वाफ बसली, की
आवाज वाढवून, कान लावून.
दर वेळी वाटतं, आता पुढे एखादं नाव घेईल.
तर चित्र पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवारी गेलो. हातमोजे कधीच विकलेले;
इस्त्रीचे सुती होते, तेच चढवले.
वर्तुळ पाठीशी घालून उभा राहिलो.
त्यानं पाहिलं. चेंडू पायाखाली दाबून धरला, बराच वेळ.
मग म्हणाला, "डावीकडे सरक. तिथं शेवाळ आहे."
सरकलो.
पहिला अडवला. दुसराही.
तिसरा बोटांना चाटून उडाला
आणि बर्फाच्या ट्रकखाली जाऊन बसला.

दोघं वाकलो. तो गुडघ्यानं अडलेला, मी कमरेनं;
कुणाचाच हात पोचेना.
चिनात्सु त्या दिवशी शाळेच्या सहलीला.
शेवटी रखवालदार झाडू घेऊन आला,
चेंडू बाहेर ओढला, उचलून विचारलं,
"कुणाचा हा?"

"माझा!"
मी ओरडलो,
गरजेपेक्षा फारच मोठ्यानं.