कापसाचा काटा

तालमीतला काटा ऐंशी किलोवर अडायचा.
म्हणून संताजी बुळ्याला आम्ही कापूस बाजारात नेला,
गाठींच्या काट्यावर उभा केला.
तोलाईदार म्हणाला, अडीच मण, वर दोन शेर.
आणि सवयीने पावती फाडली :
नग एक, माल ओलसर.

पावती माझ्याकडे आहे अजून.
मी पागनीस, मल्हारगंजातला कंपाउंडर.
दिवसा मिक्श्चरच्या बाटल्या विसळायच्या,
लढत असली की त्याच्या कोपऱ्यात बादली धरायची.

हेवीवेट होणं सोपं आहे भिया, तो म्हणायचा,
समोर कुणी मिळायला हवं ना.
खरंच होतं. पार नागपूरपर्यंत कुणी नाही.
जबलपूरला एक फायरमन होता रेल्वेतला,
तारीख ठरली, आणि तो विषमज्वराने गेला.
संताजीने त्याच्या घरी मनिऑर्डर केली, अकरा रुपये.
मग सर्कशीच्या तंबूत, शेवटचा खेळ सुटल्यावर,
भुशावर, वाघाच्या वासात,
जो येईल त्याच्याशी.
ते त्याने कधी मोजलं नाही.

मोजलेल्या नऊ.
कलकत्त्याला पाच, कोलंबोला दोन,
एक रंगूनला, जिथे पैसे देणाराच पळाला
आणि आम्ही तांदळाच्या बोटीतून परत आलो, पोती मोजत.
तेरा वर्षांत नऊ संध्याकाळी.
बाकीचे दिवस मिलच्या बॉयलरवर कोळसा ओढण्यात,
पहाटे खान नदीच्या काठाने पळण्यात,
आणि चंपूचं, म्हणजे बहिणीचं, ऐकून घेण्यात :
अंडी कुणासाठी उकडू? कधी आहे तुझी ती मारामारी?

नववी मद्रासला.
पोरगा बावीसचा, हात ताडासारखे.
रक्ताचं मला भय नव्हतं. रक्ताला तुरटी असते,
व्हॅसलीन असतं, अंगठा असतो.
पण पाचव्या राउंडनंतर तो स्टुलावर बसला,
मी तोंडावर स्पंज पिळला,
आणि त्याने हळूच विचारलं,
चंपूने दार लावलं का रे?

सहाव्यात मी टॉवेल टाकला.

परतीच्या गाडीत एक शब्द नाही.
खांडव्याला गाडी बदलताना
त्याने स्वतःची वळकटी उचलली, माझीही उचलली.
महिन्याभराने दवाखान्यात आला.
टॉवेल धुतलेला, इस्त्रीचा, कोपऱ्यात धोब्याची खूण.
तुझा आहे ना?
दवाखान्याचा आहे.
मग दवाखान्यात ठेव.

त्यावर आम्ही पुढे तीस वर्षं बोललो नाही.
बाकी सगळं बोललो. हिवाळ्यात सराफ्यात गराडू खाल्ले,
मिल बंद पडली तेव्हा फाटकाशी जाऊन उभे राहिलो,
चंपू गेली तेव्हा खांदा दिला,
त्याच्या उंचीमुळे तिरडी एका बाजूला कलली,
तो गुडघे वाकवून चालला, घाटापर्यंत.

आता गुरुवारी येतो, इंजेक्शनला.
नाव विचारलं तर वडिलांचं सांगतो.
वजन माझ्या काट्यावर मावतं, बासष्ट.
कंपाउंडरकी सुटली माझी केव्हाच,
नवे डॉक्टर तेवढ्या एका पेशंटपुरतं बोलावतात.
कारण दुसऱ्या कुणी हात धरला तर तो धरू देत नाही.
मला बघितलं की बाकावर ताठ बसतो
आणि दोन्ही मुठी पुढे करतो,
मनगटं वर, नाड्या बांधायला करायचा तसा.

सुई एकाच दंडाला द्यायची असते.
मी दोन्ही बाह्यांची बटणं काढतो,
दोन्ही दुमडतो, सावकाश,
आणि आत अंगठा घालून बघतो,
फार घट्ट नाही ना.