उजवी बाजू

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी पॅटर्न करतो, सागवानी.
ओतलेलं लोखंड निवताना आटतं,
म्हणून आमची फूटपट्टीच मुळात थोडी लांब असते.
ती घरी आणायची नाही, हा माझा नियम.
रणगाड्याला साधी पट्टी,
मुलीच्या कंपासपेटीतली.

प्रमाण सोळास एक.
पत्रे प्लास्टिकचे, तोफेची नळी मोडक्या छत्रीची,
खडेबाजारच्या घड्याळवाल्यानं वाटीभर चक्रं दिली, फुकट.
रिफिलच्या नळ्या, सलाइनची सुई,
वडगावच्या मागावरची एक दात पडलेली फणी:
तिचीच गोळे ठेवायची घोडी झाली.

कापायचा होता डावीकडून.
पुढं चालक, मागं नेम धरणारा, त्याच्या पाठीशी कमांडर,
तिघं एका ओळीत,
चिरलेल्या फणसातल्या गऱ्यांसारखे.
चित्रांत असाच कापतात.

रेघ मारली तेव्हा बाबा दारात होते,
हातात चहाची बशी.
"काय करायलास गा?"
त्यांचे कान एकाहत्तरपासून अर्धे,
म्हणून मी रेघच दाखवली.

बशी खिडकीत ठेवली. चष्मा पुसला.
"त्या अंगानं नको."

मग कळलं की ते उजवीकडं बसायचे.
बसायचे कसले, उभ्यानंच, वाकून,
आणि तोफ डाव्या हाताला, म्हणून
तीस किलोचा गोळा डाव्या हातानं रेटायचा.
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.
लहानपणी विचारायचो,
तुमचा डावा दंड जाड का?
म्हणायचे, विहिरीचं पाणी.

"उजवीकडनं काप.
मी दिसलो तर दिसू दे.
मल्लाप्पाची बाजू बंद असू दे."

मल्लाप्पा हुक्केरीकडचा. चालक.
एवढंच. पुढं चहा गार झाला.

मी नवी रेघ मारली.
सुरी लावली तसे बाबा माझ्या मनगटाकडं बघत म्हणाले,
"निधान."
आमच्याकडं या शब्दाला दोन दारं आहेत.
मराठीतून शिरलात तर पुरून ठेवलेलं धन,
कन्नडमधून शिरलात तर सावकाश.
बाबांना कन्नड बाजारापुरतं येतं,
पण हा शब्द ते बाजारातला म्हणत नाहीत,
कानावर हात ठेवून म्हणतात,
जसा तिथं अजून हेडफोन आहे.

सहा आठवडे.
"सीट खाली घे." घेतली.
"अजून खाली." मापात बसत नव्हती, तरी घेतली.
त्यांच्या सांगण्याला किती आट धरायची
ते कुठल्याच पट्टीवर नाही.
पंख्याची जाळी त्यांना आठवली नाही,
पण गोळ्यांच्या घोडीशेजारी
एक वाकडा खिळा आठवला, डबा टांगायचा.
त्या डब्यात काय असायचं?
"त्याच्या घरची शेंगाचटणी," म्हणाले,
आणि खिळ्याचा कोन दोनदा बदलायला लावला.

डावी बाजू बंद करण्याआधी
चालकाची जागा मी पूर्ण केली.
दोन्ही दांडे, तीन पेडल,
टाचणीच्या टोकाएवढे डायल, आत काटेसुद्धा.
उजवीकडून बघाल तर घोडी आड येते,
काही दिसत नाही.
फाउंड्रीत कुणी असं काम केलं असतं
तर मीच विचारलं असतं,
हे कुणासाठी?

शेवटचा पत्रा चिकटवायच्या दिवशी
बाबांनी बोट ठेवलं, पुढं, डावीकडं,
चालकाच्या डोक्यावरच्या झाकणावर.
डाव्या हाताचं बोट.
"याला डिंक लावू नको.
हे अडकायचं."

बिजागरी शिलाईच्या सुईची केली.
तेल मुलीच्या सायकलचं, अर्धा थेंब.
रात्री सगळे झोपल्यावर
चाळीस वेळा उघडून बघितलं.
अडकत नाही.