गादीचा पंप

चाळीस पानी वही. डावीकडे तारीख, मग वेळ,
मग गोळी, मग किती दुखलं, दहापैकी.
तीस वर्षं सबस्टेशनच्या लॉगबुकात आकडे भरले,
तसंच भरत गेलो वच्छलाचं दुखणं,
खाडाखोड न करता.

गुरुवारी सिस्टर खोब्रागडे यायची
मानेवाड्याच्या उन्हातून, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून.
स्कूटी कडुलिंबाखाली लावायची,
आधी माठातलं पाणी प्यायची, मग बोलायची.
मे महिना. सेहेचाळीस.
कूलरचा वाळा सुकला की रात्री दोनदा
मी बादलीनं पाणी मारायचो
आणि दोनदा कूस बदलायची वच्छलाची.
उशी गुडघ्यांच्या मधे, हात खांद्याखाली.
ते सिस्टरनंच शिकवलं, मला पलंगावर आडवं पाडून.
वच्छला खुर्चीतून पाहत हसली,
"आता खरा पेशंट दिसला," म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी वही चाळून सिस्टर म्हणाली,
"काका, यात तुम्ही कुठं आहात?"
म्हटलं, अक्षर माझंच आहे.
तिनं पट्टी मागितली, उजवीकडे एक रेघ ओढली,
वर लिहिलं : काका. झोप. जेवण.
"एवढं भरून ठेवा न बाप्पा."
"मला काय झालं?"
"तुम्ही लाइनमन न? सगळा लोड एकाच फेजवर टाकला त काय होते?"

बोललो नाही. पाहिलंय मी ते हिंगण्याला.
तार आधी लाल होत नाही.
आधी नुसती लांबते,
खाली येते.

मग बुधवारी दुपारी शेजारचा शेंडे येऊन बसू लागला,
दोन तास, पेपर घेऊन. बोलायचा नाही.
मी आतल्या खोलीत फरशीवर पडायचो.
पहिल्या बुधवारी छताकडे पाहिलं.
दुसऱ्या बुधवारी लिहिलं : झोप, पावणेदोन तास.

लोक म्हणायचे, मुंबईला काहून नाही नेत?
मेहुणा भिलाईहून फोनवर रडायचा, मग ओरडायचा.
एकदा सिस्टरनं फोन माझ्या हातातून घेतला,
"नेलं नाही असं नाही, दादा. घरी ठेवलं.
ताईंनीच मागितलं होतं."

ती गेली त्या रात्री लाइट गेली नव्हती.
हे का सांगतोय, मला माहीत नाही.
वहीत लिहिलं : तीन वाजून दहा. दहापैकी शून्य.

तेरवी झाली. सतरंज्या परत गेल्या.
आणि गुरुवारी स्कूटी कडुलिंबाखाली.
दार धरून म्हटलं, आता इथं पेशंट नाही.
"माहीत आहे," म्हणाली, आणि माठाकडे गेली.

पंप चालूच होता. हवेच्या गादीचा.
घुर्र, थांबून, घुर्र.
तिनं पाहिलं. बंद केला नाही.
मॉर्फीनच्या गोळ्या मोजल्या, सतरा,
परत न्यायच्या असतात, सही घेतली.
मग वही मागितली.
उजवा रकाना सोळा दिवस कोरा.
वाटलं, रागावेल.
"आज काय जेवले?"
"तर्री-पोहे. चौकातले. अर्धे."
तिनं पेन पुढं केलं.
"लिहा. अर्धे."

पावसाळा लागल्यावर पंप मीच काढला.
पिन सैल होती, नवी बसवली.
गादी आता नंदनवनला आहे, उराडेंच्या घरी.
मी लावून आलो, सिस्टरच्या मागं स्कूटीवर बसून.
उराडेंचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा,
आईच्या पायाशी उभा, डोळे तांबारलेले.
"काका, हा आवाज रात्रभर येते काय?"
म्हटलं, येतो. सवय होते.
बंद पडला की जाग येते.

आणखी काही सांगायचं होतं, सुचेना.
तो हातात कोरी वही धरून उभाच.
म्हटलं,
पट्टी आहे का रे घरात?