चाळीस नग

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून जी शेड आहे
तिथे बाबा ट्रॉलरचे शाफ्ट कातायचे.
मीही कातते. फक्त कीस वेगळा निघतो:
लोखंडाचा चुरचुरीत नाही,
केसासारखा, काळा, एकसंध,
नळीने ओढून घेतला नाही तर सुईभोवती गुंता करतो
आणि तबकडी गेलीच.

एका वेळी एक.
गाणं वाजतं तेवढाच वेळ लागतो कोरायला,
घाई नावाची कळ या यंत्राला नाही.
चाळीस नग म्हणजे चाळीसदा ऐकणं.
मोठ्या कारखान्यांत पाचशेच्या खाली दारात उभं करत नाहीत,
म्हणून माझ्याकडे येतात:
रात्रपाळीनंतर क्लॅरिनेट वाजवणारी कुडाळची नर्स,
देवगडची तीन पोरं, ज्यांच्या बँडचं नाव
कव्हर छापायला टाकलं की हमखास बदलतं.

सगळ्यांना तेच सांगते.
खर्ज आवरा, सुई उडते.
'स' आणि 'श' जपून म्हणा, जळतात.
सगळ्यात हळू गाणं शेवटी ठेवा,
मध्याजवळ वळसे आखूड होतात, वरचे सूर दमतात.
पावसाळ्यात ऑर्डर देऊ नका, कव्हरं बुरशी धरतात.
पावसाळ्यातच देतात.

इफ्तेखार होडेकर जैतापूरहून आला. वायरमन.
एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात पेन ड्राइव्ह.
सहा गाणी, गिटार आणि तो,
"पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून."
न सांगताच माझ्या बोर्डाचं अर्थिंग उघडून बसला,
म्हणाला, तुमच्या तबकड्यांत घरघर येते ना, ती इथून.
ते पैसे मी अॅडव्हान्समधून वळते केले.

चौदाव्या नगाला ऐकू आलं.
तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याआधी तो श्वास घेतो
आणि त्या श्वासामागे कुणीतरी गुणगुणतं.
बाईचा आवाज. त्याच्यापेक्षा अर्धा सूर खाली,
हातात काहीतरी काम असावं तसा.
मग भांड्यावर झाकण.

तेरा वेळा माझ्या कानावरून गेलं होतं.

फोन लावला. घरात कोण होतं?
कोणी नव्हतं, म्हणाला.
मग बराच वेळ समुद्र, त्याच्या बाजूचा की माझ्या, कळेना.
"काढता येईल?"
येईल, म्हटलं, पण तुझा श्वासही जाईल.
"उद्या सांगतो."

उद्या वीज नव्हती, परवा होती पण व्होल्टेज नव्हतं.
यंत्र झाकून ठेवलं, खारा वारा सुईला खातो.
तिसऱ्या दिवशी फोन: राहू दे.
आणि एक्केचाळिसावा कर,
एकाच बाजूचा, फक्त ते गाणं.

पत्त्याच्या कागदाचा फोटो आला. देवरुख.
आडनावाच्या जागी आधी होडेकर, ते खोडून दुसरं.
तिच्याकडे प्लेअर आहे?
"नसेल."

एक्केचाळिसावा ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघितला.
गाणं असतं तिथे रेषा थरथरतात,
तो श्वास मात्र जवळजवळ सरळ,
पाऊण वळशाचा.
सापडायचा तर नखालासुद्धा सापडणार नाही.

म्हणून खोक्यात एक शिवणाची सुई टाकली,
एक जाड कागद, आणि चिठ्ठी:
कागदाचा शंकू कर, टोकाला सुई खोच,
तबकडी पेन्सिलीवर बसव आणि बोटाने फिरव.
हळू फिरवलीस तर आवाज जाड येईल, भरभर फिरवलीस तर बारीक.
चारपाच वेळातच झिजेल. माझ्याकडे मूळ आहे.

यष्टीच्या पार्सलवाल्याने हलवून बघितलं.
नाजूक लिहू काय?
नको, म्हटलं. प्लास्टिक आसा.