तिसरा पाय

कोठीचं दार रंधायला घेतलं तेव्हा
आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर,
पेन्सिलीचा पक्षी सापडला.
हिनेवाई सहा वर्षांची असेल तेव्हा.
एक पंख मोठा, दुसरा विसरून राहिलेला,
चोच उघडी,
आणि पाय तीन.

गिटारची पाठ याच दारातून निघणार होती.
पातळ कागद लावून पक्षी उतरवून घेतला
आणि रंधा फिरवला.
रिमूच्या तांबड्या, कुरळ्या ढलप्या पडल्या.
एकीवर डोळ्याचा ठिपका होता, ती खिशात ठेवली;
पुढे पँटबरोबर धुतली गेली.

शिंपला टॅमने दिला.
त्यात तो बावीस वर्षं सिगारेटी विझवत होता.
राख खरवडली, तर खाली निळं, हिरवं,
मध्येच जांभळं.
ब्लफच्या समुद्राला असा रंग
वर्षातून दोनदा येतो, आणि नेमके आपण घरात असतो.

पाउआचा शिंपला वाकडा. त्यातून सपाट तुकडा निघतो
नखाएवढा, फार तर दोन नखांएवढा.
त्यामुळे पक्षी पाच तुकड्यांत आला.

एकतीस वर्षं मी कत्तलखान्यात सुरी चालवली.
मेंढी उघडायला मिनिट लागत नसे.
इथे केसासारखं पातं,
इंचाइंचाला तुटणारं,
वरून पाण्याची धार, तोंडाला मास्क,
कारण ही धूळ छातीत गेली की मुक्कामाला येते.
डाव्या तर्जनीचं पेर मला नाही.
तुकडा दाबायचा तो मधल्या बोटाने.

शनिवारी तिसरा पाय मोडला.
टणकन उडाला, कुठे गेला कळलं नाही.
उरला दोन पायांचा पक्षी.
बरोबर पक्षी.
दुकानातल्या कुठल्याही गिटारवर शोभेल असा.
त्याला खिडकीत ठेवून चहा केला.
चहा संपला तरी
त्याच्याशी बोलण्यासारखं काही सुचेना.

टॅमकडे दुसरा शिंपला मागितला.
म्हणाला, "पाय कोण मोजतंय?"
मी म्हटलं, "दे."

जडवायचं काम उलटं असतं.
आधी तुकडा, मग कोंदण.
तुकडा लाकडावर ठेवायचा, भोवती सुई फिरवायची,
रेघेत खडू चोळायचा,
आणि तेवढंच लाकूड, तेवढंच, काढायचं.
बाराव्या पडद्यापाशी,
जिथे तार बरोबर अर्धी होते,
तिथे मी पक्ष्याची जागा कोरली.
पायांपाशी हात जरा सुटला.
फटीत मैरेचा काळसर भुसा डिंकात कालवून भरला.
माहीत असेल त्यालाच दिसतं.
मला आता तेवढंच दिसतं.

ख्रिसमसला ती ब्रिस्बेनहून आली.
गिटार मांडीवर घेतली, अंगठा फिरवला.
"हे काय, स्टूल?"
"पक्षी. तुझाच. कोठीच्या दारावरचा."
तिला आठवेना.
"मग हा तिसरा पाय कसला?"
"तेच तुला विचारायचं होतं."

गिटार तिरकी करून, उजेडाकडे धरून
ती बराच वेळ बघत राहिली.
"पाय नसेल, पापा," म्हणाली. "शेपूट असेल."

शेपूट.
मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तिने दुसऱ्या तारेची खुंटी पिळली,
वाजवून पाहिली.
अजून जरा उतरलेलीच होती.