दारावरचं चुंबक

इल्काय, आधी चहा संपव.
पेला मशीनवर ठेवायचा नाही, क्षणभरही नाही,
तिकडे खिडकीत ठेव, एस्किशेहिरचा बर्फ दिसतोय तिथे.
मग ही चावी घे.

ही तुझ्या खिशात असेल तोवरच
आत वाकायचं, जाळीवरची वितळ खरवडायची.
खिशात म्हणजे खिशात. टेबलावर नाही,
माझ्याकडेही नाही. माणसं विसरतात,
आणि मी माणूस आहे.

हा प्रकाश दिसत नाही.
तुला दिसतं ते पोलादाचं जळणं,
ठिणग्यांचा पिसारा, कडेची निळी झाक.
तो नुसता आवाज समज, बोलणारा वेगळाच.
पितळेवर, तांब्यावर आपटला
तर आल्या पावली परततो,
वाटेत कोण उभं आहे ते न विचारता.
म्हणून ही हिरवी काच.
हिला तडा दिसला की काम बंद,
मालाचा ट्रक दारात घुरघुरत असला तरी.

भिंगाला बोट लावू नकोस.
जस्ताचा पत्रा आला तर धूर ओढणारा पंखा आधी,
नाहीतर रात्री हुडहुडी भरते आणि घरचे म्हणतात, गारठा बाधला.
नायट्रोजनची नळी फुसफुसली तर बाहेर पळ,
शूर होऊन आत शिरू नकोस,
त्याला वास नाही, तो खोकूही देत नाही.

आता कपाटावर बघ. ते चुंबक.
नाण्याएवढं, एका बाजूला टवका उडालेलं.
ते मी लावलं होतं.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, रात्रपाळीला.
भट्ट्यांची झाकणं, सहाशे नग,
आणि जरा दार उघडलं की मशीन थांबणार,
पुन्हा पहिल्यापासून लाड करायचे.
मी सेन्सरवर चुंबक चिकटवलं.
मशीनला वाटलं, दार बंद आहे.
तिला फसवणं सोपं. ती शब्दावर विश्वास ठेवते.
पहाटेपर्यंत एकशेदहा नग जास्त निघाले.
मी गुणगुणतही होते, आठवतंय.

सकाळी फेरामुझ उस्ताद आले.
बूट आपटून बर्फ झाडला,
दाराच्या कडेवरून हात फिरवला
आणि थांबले.
ओरडले नाहीत.
म्हणाले, गुलिझार, मी कुठे बघतोय?

माझ्या कानाकडे बघत होते.

आम्ही म्हणायचो, उस्ताद नजर देत नाही,
गर्व आहे. कोणी म्हणे, बायकांना लाजतो.

"सरळ बघितलं तर तुला चेहराच नसतो.
डावा डोळा मिटला की तू पुरती असतेस,
पण दिवसभर डोळा मिटून कोण काम करतं?
मसुरीएवढं भोक आहे, बरोबर मध्ये.
दुखलं नाही. टिच् असं काही वाजलं डोक्यात, बस्स.
मी डबा खाल्ला. पाळी संपवली.
घरी मुलीनं दार उघडलं,
तिच्या नाकाच्या जागी करडा डाग.
परवा तिच्या लग्नात
तिला नीट बघायचं म्हणून
मी तिच्या झुमक्याकडे बघत होतो."

तो कुठला कारखाना, ते दार कोणी उघडं ठेवलं,
मी विचारलं नाही.
त्यांनी चुंबक माझ्या तळहातावर ठेवलं. गार होतं.
ते एकशेदहा नग बाद केले नाहीत;
गेले ते, कुठेकुठे बसले असतील,
त्यांच्यामागे पावही छान फुगत असेल.
तेच मला जास्त खुपतं.

चल. दार लाव.
खटका ऐकलास?
मी नाही ऐकला. पुन्हा लाव.

लाल बटणाला लाजू नकोस.
उगाच दाबलं म्हणून
मी अजून कोणाला बोललेले नाही.

दुपारी उस्ताद येतील.
निवृत्त झालेत, तरी सिमिट घेऊन येतात,
आणि नव्या पोराकडे नीट बघतात.

लोकरी टोपी
जरा कानावरून वर घे.