दोनशे टक्के

मगदूम सरांना स्क्रीनवर चूक दिसायची नाही.
"प्रिंट काढ," म्हणायचे,
"हे वाचणं नव्हे, दिव्यात बघणं आहे."

मग हळद व्यापारी पतसंस्थेचा अहवाल
मी गरम गरम हातात द्यायचे.
सर नख टेकवत ओळीओळीनं जात,
आणि मी तीनदा स्क्रोल केलेल्या पानातून
'ठेवि' उचलून काढत,
तांदळातला खडा काढावा तसा.

यंदा पडदा सरांच्याच डोळ्यात आला.
खणभागातून रिक्षा करून आले,
कागद खिडकीशी नेला, नाकाशी नेला,
मग घडी घालून खिशात ठेवला.

"तुझ्या त्या डब्यात
मोठं होतं का गं अक्षर?"

दीडशे.
दोनशे टक्के.
'सभासद' या कडेपासून त्या कडेपर्यंत.
सरांनी सवयीनं काचेवर नख टेकवलं,
मी माऊस फिरवला,
ओळ नखाखालून निसटली.
"हळू. पळतंय ते."

सत्तावीस पानांना दुपार गेली.
ताळेबंदाच्या खाली, अध्यक्षांच्या आडनावावर
एक जास्तीचा अनुस्वार सापडला.
सर खुर्चीत सरळ झाले,
खिशातून लाल पेन काढलं,
काचेपाशी नेऊन थांबले.

"एवढ्या पानाची तरी प्रिंट दे.
गोल कशावर करू?"